कापणारा हात

चव्वेचाळीस वर्षं झाली, कानशिलं पांढरी झाली, तरी सगळं जग त्याला धाकटाच म्हणे. थोरला भाऊ धडधाकट शेजारी उभा असेपर्यंत त्यातून सुटका नव्हती. दोघांचं मिळून दोन खुर्च्यांचं सलून होतं. दारातून आत आलं की डावी खुर्ची दादाची, उजवी धाकट्याची, आणि समोर भिंतभर एकच आरसा. त्यामुळे दोघं भाऊ दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत तरी एकमेकांना दिसत असत.

दादा केस कापायला एक नंबर, पण त्याचा हात जड. त्याच्याकडून दाढी करून घेतलेलं गिऱ्हाईक गाल चोळतच उठे. दाढी म्हटली की धाकटा. त्याचा वस्तरा गालावरून फिरताना लोक खुर्चीत घोरत, आणि मग त्यांना हलवून जागं करणं हेच काय ते अवघड काम उरे. "हलक्या कानाची माणसं गल्लोगल्ली मिळतात," त्याचं जुनं गिऱ्हाईक असलेले हेडमास्तर म्हणत, "हलक्या हाताचा एखादाच असतो."

हा हात वडिलांनी घडवला होता. त्यांनी धाकट्याला फुग्यावर शिकवलं. फुगा फुगवायचा, त्याला ब्रशने फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस असा उतरवायचा की फुगा फुटता कामा नये. चौदा फुगे फुटले. पंधरावा शाबूत राहिला त्या दिवशी वडील स्वतः खुर्चीत बसले, डोकं मागे टाकलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईक इथे बसतं तेव्हा आपल्याला मान देतं. ही मान सांभाळलीस की तो मान आपोआप राहील." आणखी एक गोष्ट त्यांनी हातात मुरवली. समोरच्याला शिंक येवो, खोकला येवो, छप्पर कोसळो, आधी वस्तरा बाहेर, मग बाकीचं जग.

असा हा हात, आणि त्याच्या मालकाला नऊ वर्षांत चार वेळा फिट आली होती.

घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. "तसं झालं" असं म्हणत. पहिल्यांदा तसं झालं ते न्हाणीघरात, दुसऱ्यांदा टपाल कचेरीच्या रांगेत, तिसऱ्यांदा झोपेत, आणि चौथ्यांदा दुकानात, दुपारी शटर अर्धं ओढून तो चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत असताना. दर वेळी दोन मिनिटांचा खेळ. मग तासभर डोकं जड, जीभ चावलेली, आणि आजूबाजूच्या माणसांच्या चेहऱ्यावर तो एक विशिष्ट गोडवा, जो त्याला फिटपेक्षा जास्त लागे. आधी मात्र न चुकता एक वास यायचा, जळक्या केसांचा. वास आल्यापासून पडेपर्यंत अर्धं मिनिट तरी मिळायचं. चौथ्या वेळी त्या अर्ध्या मिनिटात त्याने वस्तरा मिटून फळीवर ठेवला होता आणि मगच तो पडला होता. ही गोष्ट तो स्वतःशी पुन्हा पुन्हा सांगत असे, कोणी शाबासकी दिल्यासारखी.

चौथ्या वेळेनंतर दादाने त्याला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या आणि गोळ्या लिहिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक.

"वर्षा-दोन वर्षांतून एकदा होतं," धाकटा म्हणाला. "त्या दोन मिनिटांसाठी वर्षाला सातशे तीस गोळ्या?"

"क्वचित येते म्हणून ती लहान होत नाही," बाई म्हणाल्या. "कुठे आणि कधी येईल ते ती ठरवते, तुम्ही नाही. गोळीने शंभर टक्के थांबेल असं मी म्हणणार नाही, पण शक्यता खूप कमी होते."

"गोळीचा त्रास काय होतो?"

"कोणाला झोप येते, कोणाचं वजन वाढतं. केस गळतात."

"केस गळाले तर घरचंच काम आहे," दादा म्हणाला. बाई जरा हसल्या.

"आणि काहींचा हात थोडा कापतो. फार कापायला लागला तर येऊन सांगा, औषध बदलून बघता येतं. पण आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक बंद केली तर ती आणखी जोरात येऊ शकते. काम काय करता तुम्ही?"

"दुकान आहे," धाकटा म्हणाला.

"कसलं?"

"असंच. भावाबरोबर बसतो."

दादा खोकला. बाहेर वीस माणसं ताटकळत होती. बाईंनी कागदावर 'दुकान' असं लिहिलं आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. धाकट्याला वाटलं, वाचलो. वस्तरा म्हटलं असतं तर वस्तरा ठेवा म्हणाल्या असत्या, आणि ते एकदा कागदावर आलं की घरादाराच्या तोंडी आलं असतं. हात कापेल म्हणजे काय याचा विचार त्याने तेव्हा केलाच नाही.

गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात हातातला कप बशीवर वाजायला लागला. नुसता बारीक कडकड आवाज, चहा सांडण्याइतकाही नाही. शिपायाला चालला असता असा कंप, सुताराला चालला असता, दादालाही एक वेळ चालला असता. धाकट्याला चालणार नव्हता. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाईकाच्या ओठाशी रक्त आलं, दुसऱ्या दिवशी दोघांच्या हनुवटीला. तुरटी फिरवली, थट्टेवारी नेली. पण लोक काही आंधळे नसतात. "आज जरा घाईत आहे, दादाच करेल," असं म्हणत एकेक जण डावीकडे सरकू लागला. ज्या दादाच्या जड हाताची वीस वर्षं टिंगल केली, त्याच्यापुढे ते गाल फुगवून बसू लागले, आणि धाकटा आपली रिकामी खुर्ची पुसत राहिला.

उरले फक्त हेडमास्तर. शाळा सुटून त्यांना पंधरा वर्षं झाली होती, बायको जाऊन सहा. त्यांचा स्वतःचा हात म्हातारपणाने कापे, म्हणून एक दिवसाआड सकाळी दहाला ते धाकट्याच्या खुर्चीत येऊन बसत. बसले की डोकं मागे टाकत, डोळे मिटत, आणि फेस पुसून टॉवेल लावेपर्यंत उघडत नसत. त्या दिवसांत त्यांच्याही हनुवटीवर कागदाचे चिटोरे चिकटलेले असत.

"मास्तर, माफ करा," धाकटा म्हणाला.

"माझी मी केली असती तर याच्या दुप्पट निघालं असतं, धाकटेराव," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "माझं अक्षर बघायला दुसऱ्या शाळेतले शिक्षक यायचे. एक दिवस फळ्यावर रेघ मारली ती वाकडी गेली. मागे वळून बघितलं तर मुलं हसत नव्हती. हसली असती तर मी आणखी वर्षभर शिकवलं असतं. त्या दिवशी खडू खाली ठेवला."

धाकट्याने हुं केलं. म्हाताऱ्यांच्या गोष्टी दाढीसारख्याच असतात, आज उतरवली तरी परवा पुन्हा येते, असं त्याला तेव्हा वाटलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने बाजारातून फुगे आणले. आतल्या खोलीचं दार लावून एक फुगवला, फेस लावला, वस्तरा टेकवला. फट. दुसरा, फट. बाहेर बायको काज-बटणाच्या मशीनवर घरी आणलेलं काम करत बसली होती. पाचव्या फुग्याला तिने विचारलं, "अहो, वाढदिवस कोणाचा आहे?"

चटईवर लाल रबराच्या चिंध्या पडल्या होत्या आणि मांडीवर फेस सांडला होता. वडील गेले त्या दिवशीसुद्धा तो असा रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी त्याने तोंडात घातली, पाणी प्यायला, आणि दुकानात आल्यावर जिभेखालून काढून जुन्या ब्रशच्या डब्यात टाकली. संध्याकाळचीही तिथेच. पंधरवड्यात कप वाजायचा बंद झाला. मग त्याने पुन्हा फुगा घेतला. वस्तरा वरून खाली आला, फेस उतरला आणि फुगा तसाच राहिला, तुळतुळीत. लहान मुलासारखा तो त्याने खिडकीच्या खिळ्याला बांधून ठेवला. हौसेला मोल नसतं, पण अक्कलही नसते.

बायको कामावरून आली, पिशवी ठेवली आणि फुग्याकडे बघत उभी राहिली.

"गोळी कधी बंद केलीत?"

"कोणी सांगितलं?"

"फुग्याने."

तो खाली बसला. तीही समोर बसली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. कारखान्यात मशीनांच्या खडखडाटात राहून ती उलट हळूच बोलायला शिकली होती, आणि त्यामुळे तिचं बोलणं जास्त लागे.

"मला आधी वास येतो," तो म्हणाला. "वास आला की वस्तरा खाली. चारही वेळा आलाय."

"झोपेत झालं तेव्हा?"

"तेव्हा स्वप्नात आला."

ती हसली नाही. "तुम्ही पडलात तर मी उचलीन. त्याची मला भीती नाही. खुर्चीत जो बसलेला असेल त्याची आहे."

"अगं, गोळी घेतली की हात कापतो."

"नाही घेतली तरी कापेल. काय कापेल एवढाच फरक."

त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"बाईंना जाऊन सांगा की वस्तऱ्याचं काम आहे," ती म्हणाली. "त्या दुसरं काही देतील. नाहीतर दाढी सोडा, केस कापा. पण गोळीही नाही आणि वस्तराही सोडायचा नाही, हे चालणार नाही."

"महिनाअखेर बघतो," तो म्हणाला. धाकट्याची महिनाअखेर काय असते ते तिला बावीस वर्षांत माहीत झालं होतं. तिने फुगा सोडला, टाचणीने फोडला आणि रबर केराच्या टोपलीत टाकलं.

दुकानात गिऱ्हाईकं परत उजवीकडे सरकली. चार लोकांनी "हाताला काय झालं होतं?" म्हणून विचारलं. "उसण भरली होती," असं त्याने सांगितलं. सगळं पूर्वीसारखं झालं, आणि मग तो वास आला.

मास्तरांच्या गालावर फेस होता. जळक्या केसांचा वास नाकात शिरताच धाकट्याने वस्तरा उचलला, मिटला, फळीवर ठेवला आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला. आता येणार. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. शेजारी दादाने ड्रायर बंद केला आणि खाली बघितलं.

"काय रे?"

"वास."

दादाने ड्रायर उलटा केला. मागच्या जाळीत केसांचा बोळा अडकून करपला होता. "अरे, हा आहे वास," तो म्हणाला, आणि दोघं भाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मास्तरांना काय झालं ते कळलं नाही, तरी साथ म्हणून तेही हसले, डोळे मिटूनच.

असं तीनदा झालं. तीनदा धाकटा जमिनीवर बसला आणि तिन्ही वेळा तो ड्रायर निघाला. गिऱ्हाईकं विचारायला लागली, कंबर धरते का म्हणून. तेव्हा दादानेच तोड काढली. ड्रायर सुरू करण्याआधी तो हाक देऊ लागला, "ड्रायर लावतोय रे." हाक ऐकल्यावर वास आला तर तो दुकानाचा, हाकेशिवाय आला तर धाकट्याचा. साधा हिशेब. दोघांनाही तो फार आवडला. बाहेरच्या कोणाला तो ऐकवला असता तर त्याने कपाळावर हात मारला असता, पण दोघांनी तो कोणाला सांगितला नाही.

त्या दिवशी मास्तर नेहमीप्रमाणे दहाला आले. दादाच्या खुर्चीत एक लांब केसांचा तरुण होता, धुतलेले केस तोंडावर ओढून, मान खाली घालून बसलेला. धाकट्याने मास्तरांचा उजवा गाल उतरवला, डावा उतरवला. डाव्या कानाखालची एक पट्टी राहिली होती.

"ड्रायर लावतोय रे," दादा म्हणाला.

मशीन घरघरू लागलं. वास आला. धाकट्याने वस्तरा क्षणभर थांबवला. ड्रायर, तो मनात म्हणाला. एकच पट्टी उरली होती. त्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने मास्तरांची कातडी वर ताणली आणि वस्तरा कानाच्या पाळीखाली टेकवला.

मग छत दिसलं. छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग, ज्याच्याकडे त्याने कधी नीट बघितलं नव्हतं. जीभ चावलेली होती. डोक्याखाली घडी केलेला एप्रन होता. दुकानात कोणी नव्हतं, शटर अर्धं ओढलेलं होतं, आणि मास्तरांच्या खुर्चीच्या हातावर एक टॉवेल होता जो सकाळी पांढरा होता.

दादा तासाभराने आला. शटरखालून वाकून आत शिरला आणि गिऱ्हाईकांच्या बाकावर बसला.

"सात टाके," तो म्हणाला. "कानापासून जबड्यापर्यंत. टाके घालणारा म्हणाला, दोन बोटं खाली असतं तर आणायची गरजच पडली नसती."

धाकटा उठून बसायला लागला आणि परत आडवा झाला.

"हात बाहेर काढलास तू," दादा म्हणाला. "पडता पडता काढलास. मी आरशात बघितलं. पण उशिरा."

"मला वाटलं ड्रायर आहे."

दादाने उठून ड्रायर उचलला. "जाळी मी सकाळीच साफ केली होती रे," तो म्हणाला. "तुला सांगायचं राहिलं."

मास्तरांनी दवाखान्यात वेगळंच सांगितलं होतं. "मला शिंक आली," ते म्हणाले होते, "आणि या बिचाऱ्याला रक्त बघून चक्कर आली." लांब केसांच्या तरुणाने मान वर करेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं, तेव्हा त्याचीही साक्ष तीच. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली. रक्त बघून चक्कर येणारा सलूनवाला. चहावाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांनी तिच्यावर हात धुऊन घेतले. "धाकट्या, टोमॅटो कापताना जपून रे." धाकटा हसायचा. मास्तरांनी त्याला झाकायला आपली शिंक दिली होती आणि तो ती पांघरून बसला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, असं त्याच्या मनात येई, आणि तरीही लोकांपुढे तो "मास्तरांना शिंक आली" असंच म्हणे.

बायकोने या वेळी वाद घातला नाही. सगळं तिला दादाकडून कळलं होतं. रोज सकाळी ती चहाच्या कपाशेजारी गोळ्यांची पट्टी ठेवी. धाकटा चहा पिई. पट्टी तिथेच राही. मग ती कप उचली, पट्टी उचली आणि कामावर जाई. दहा दिवस हेच चाललं. दहा दिवस त्याने वस्तऱ्याला हात लावला नाही, नुसते केस कापले.

गोळी घ्यावी हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण वस्तरा गेला तर मागे जे उरेल त्याला काय म्हणायचं, हे त्याला कळत नव्हतं. दादाच्या दुकानातला भाऊ. केर काढणारा. चव्वेचाळीस वर्षांत त्याच्याकडे एकच गोष्ट स्वतःची होती, आणि ती मनगटापासून पुढे होती. शेवटी त्याने स्वतःशीच एक बोली लावली, अगदी शेंबड्या पोराने लावावी तशी. मास्तर परत आले आणि माझ्या खुर्चीत बसले, तर त्यांनी माफ केलं. मग गोळी नाही, आणखी जपून राहू, पण गोळी नाही. नाही आले, तर घेऊ. मास्तर येणार नाहीत याची त्याला जवळजवळ खात्री होती. निर्णय त्याने असा दुसऱ्याच्या गळ्यात घातला, आणि तोही कुठल्या गळ्यात.

अकराव्या दिवशी दहा वाजता मास्तर आले.

डाव्या कानाखालून जबड्यापर्यंत जखमेची रेघ होती, वाकडी, टाके काढल्यावर दोन्ही बाजूंना ठिपके राहिलेली. तिच्याभोवती पांढरे खुंट वाढले होते. मास्तर दारात जरा थांबले. दादाने आपल्या खुर्चीवरचं कापड झटकलं. मास्तर त्याच्याकडे बघून हसले आणि उजवीकडे गेले. धाकट्याच्या खुर्चीत बसले.

"काय धाकटेराव," ते म्हणाले. "जंगल वाढलंय."

धाकट्याला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण त्याने कापड गळ्याभोवती बांधलं. वाटीत पाणी घेतलं, ब्रश फिरवला. फेस दाट झाला. हात अजिबात कापत नव्हता. जखमेच्या कडेने त्याने इतक्या हळू फेस लावला की ब्रशचे केससुद्धा वाकले नसतील. मग वस्तरा उघडला, पट्ट्यावर चार वेळा घासला आणि वळला.

मास्तरांनी डोकं मागे टाकलं. मान दिली. नेहमी जशी देत तशीच, पूर्ण.

डोळे उघडे होते.

ते छताकडे बघत होते, ओलीच्या त्या डागाकडे. धाकटा थांबला. त्याला वाटलं, मिटतील आता. मास्तरांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी ते मिटले, अगदी घट्ट, कडू औषध घेताना मिटतात तसे. वस्तरा गालाजवळ आला तशा पापण्या थरथरल्या आणि डोळे आपोआप उघडले. त्यांनी पुन्हा मिटले. पुन्हा उघडले. कापडाखाली त्यांच्या दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आवळलेल्या दिसत होत्या.

"करा, धाकटेराव," मास्तर म्हणाले. "थांबू नका."

"मास्तर," धाकटा म्हणाला, "तुम्हाला शिंक आली नव्हती."

"नव्हती," मास्तर म्हणाले.

शेजारी कात्री पुसणारा दादा थांबला. आरशात तिघांना तिघं दिसत होते. धाकट्याने वस्तरा मिटला. मिटतानाचा तो खटका त्याने आयुष्यात हजारो वेळा ऐकला असेल, पण आज तो त्याला कानात नाही, छातीत ऐकू आला. वस्तरा त्याने फळीवर ठेवला नाही. दादाच्या हातात दिला.

"दादा," तो म्हणाला, "मास्तरांची दाढी तू कर."

"अरे, माझा हात..."

"असू दे."

धाकट्याच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. सकाळी बायको कप उचलायला आली तेव्हा त्याने ती का कुणास ठाऊक खिशात घातली होती. आता त्याने एक गोळी काढली आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं. उद्या बाईंकडे जायचं आणि सांगायचं, मी दाढी करत होतो, वस्तऱ्याने. त्या दुसरं औषध देतील किंवा देणार नाहीत. हात राहील किंवा राहणार नाही. गोळी गिळली. घशात ती जरा अडकली आणि मग उतरली.

केरसुणी घेऊन तो वळला. दादा वाकला होता. डाव्या हाताने त्याने मास्तरांची हनुवटी धरली होती, नेहमीसारखी जरा जास्तच घट्ट, आणि पहिलाच हात गालावरून खरवडत खाली आला. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली.

पण मुठी सुटल्या होत्या, आणि डोळे मिटलेले होते.